नाशिकहून आंदोरा: इतक्या लहान देशात निवृत्तीनंतर राहणे जमेल का?

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचे विवेचन कशाला धरून आहे हे स्पष्ट राहील. आपला मुलगा बार्सिलोनात नोकरीला आहे. गेल्या जूनमध्ये त्याने आपल्याला आणि वहिनींना चार दिवस स्पेन आणि फ्रान्स यांच्यामधल्या आंदोराला नेले. तिथली हवा, निर्धास्त रस्ते, सभोवारचे डोंगर आणि १० टक्क्यांच्या पुढे न जाणारा प्राप्तिकर पाहून आपल्या मनात असे आले की, मखमलाबाद शिवारातली चार एकर वडिलोपार्जित द्राक्षबाग विकावी, त्यातून सुमारे ८ कोटी रुपये उभे करावेत आणि उरलेले आयुष्य तिथे, मुलापासून तीन तासांच्या अंतरावर काढावे. आपले वय ६४ आणि वहिनींचे ६० आहे. प्राध्यापकीचे निवृत्तिवेतन महिन्याला ७० हजार रुपये, ठेवी आणि म्युच्युअल फंड मिळून साडेतीन कोटी, शिवाय गंगापूर रोडला राहता फ्लॅट, अशी आपली बाजू आहे. हे जमेल का, आणि जमत असले तरी करावे का, असे आपण विचारले आहे.

कॅनडा कॉर्नरच्या कार्यालयात गेली २८ वर्षे मी परदेशी जाणाऱ्या आणि तिथून परतणाऱ्या कुटुंबांचे कर आणि परकीय चलनाचे काम पाहते. त्या अनुभवावरून माझे मत सुरुवातीलाच सांगते. कायमच्या मुक्कामासाठी आंदोरा आपल्याला परवडणारे नाही आणि सोयीचेही नाही. उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांसाठी मात्र ते उत्तम आहे, आणि त्यासाठी तिथला निवास परवाना किंवा घर यांची गरज नाही. या मताला मी कशी आले, ते आता सविस्तर लिहिते.

आंदोराचे क्षेत्रफळ ४६८ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे नाशिक महापालिकेच्या हद्दीच्या दुपटीलाही ते पुरे पडत नाही. लोकवस्ती ८५ ते ९० हजारांच्या घरात आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या नाशिक शहराची लोकसंख्या १४.८६ लाख होती. तरीही हा देश पूर्ण सार्वभौम आहे. १२७८ च्या करारापासून स्पेनमधल्या उर्जेलचा बिशप आणि फ्रान्सकडचा सत्ताधीश, म्हणजे आज फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष, असे दोघे तिथले सहराजे आहेत. १९९३ मध्ये देशाने राज्यघटना स्वीकारली आणि त्याच वर्षी तो संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. चलन युरो आहे, पण देश युरोपीय संघात नाही आणि शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातही नाही. या शेवटच्या वाक्याकडे आपण लक्ष द्यावे, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथे आहे.

मोठ्या देशात निवृत्तीला जाणारा माणूस तिथले कर, दवाखाने, हवामान आणि खर्च पाहतो. तेवढे पाहणे त्याला पुरतेही, कारण एका शहरात काही जमले नाही तर दुसरे शहर असते. अगदी लहान देशात दुसरे शहर, दुसरे मोठे रुग्णालय किंवा दुसरा रस्ता बहुधा नसतो. जे तिथे नाही ते शेजाऱ्याकडून घ्यावे लागते. म्हणून अशा देशाची पारख मी नेहमी त्याच्या सीमेबाहेरून सुरू करते. शेजारी कोण आहेत, त्यांच्या दारातून आपल्याला किती सहज जाता येते, आणि ते दार एखाद्या दिवशी बंद झाले तर काय, हे आधी पाहायचे. करांचे दर त्यानंतर.

आंदोरात विमानतळ नाही आणि रेल्वेही नाही. जवळचा छोटा विमानतळ सीमेपलीकडे स्पेनमधल्या ला सेऊ द'उर्जेल येथे आहे, पण लांबच्या प्रवासासाठी खऱ्या अर्थाने उपयोगाचे विमानतळ म्हणजे बार्सिलोना आणि तुलूझ, दोन्ही रस्त्याने सुमारे तीन तासांवर. देशात शिरायला मुख्य रस्ते दोनच: दक्षिणेकडून स्पेनचा आणि पूर्वेकडून फ्रान्सचा. फ्रान्सकडचा रस्ता २,४०८ मीटर उंचीच्या एन्वालिरा खिंडीच्या परिसरातून जातो. तिथे बोगदा आहे, तरी हिवाळ्यात बर्फामुळे वाहतूक अडते. कसारा घाटात दरड आली की आपण त्र्यंबक-जव्हारच्या वाटेने मुंबई गाठतो; आंदोरात एक रस्ता बंद झाला की उरतो तो दुसऱ्या देशात उघडणारा एकच रस्ता.

आता व्हिसाचा मुद्दा. भारतीय पासपोर्टधारकाला आंदोरासाठी वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही, पण तिथे पोहोचायला फ्रान्स किंवा स्पेनमधूनच जावे लागत असल्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो, आणि तोही एकापेक्षा अधिक प्रवेशांचा, कारण आंदोरात शिरणे म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडणे आणि परतणे म्हणजे नवा प्रवेश. हे आपण जूनमध्ये अनुभवले आहेच. मात्र आंदोराचा निवास परवाना हाती आला तरी ही स्थिती बदलत नाही, ही गोष्ट परवाना विकणारे सल्लागार सहसा ठळकपणे सांगत नाहीत. तो परवाना भारतीय नागरिकाला आंदोरात राहू देतो. बार्सिलोनाला मुलाकडे जायला, तुलूझला विमान पकडायला, स्पेनमधल्या तज्ज्ञ डॉक्टरकडे जायला शेंगेन व्हिसा हवाच, आणि तो कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त वास्तव्य देत नाही. म्हणजे ज्या मुलासाठी हा सारा घाट घालायचा, त्याच्या घरी जाण्यासाठी आपल्याला आज नाशिकहून जो व्हिसा लागतो, तोच आंदोराहूनही लागेल. नागरिकत्वाचा विचार केला तर साधारण २० वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो, दुहेरी नागरिकत्व आंदोराला मान्य नाही आणि भारतालाही नाही. ६४ व्या वर्षी तो मार्ग विचारात घेण्याचे कारण नाही.

रुग्णालयाच्या प्रश्नावर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण निवृत्तीचा निर्णय अखेरीस इथे येऊन थांबतो. देशात नोस्त्रा सेन्योरा दे मेरिचेल हे एकच रुग्णालय आहे, एस्काल्देस-एन्गोर्दान्य या गावात. नेहमीच्या आजारांसाठी, प्रसूती आणि अपघातांसाठी ते चांगले आहे. एवढ्या लोकसंख्येला ते पुरतेही. पण लोकसंख्याच एवढी लहान असल्यामुळे गुंतागुंतीच्या हृदयशस्त्रक्रिया, काही कर्करोगांवरचे उपचार, दुर्मीळ विकार यांसाठी रुग्णाला बार्सिलोना किंवा तुलूझला पाठवले जाते. तातडीच्या वेळी रुग्ण हेलिकॉप्टरने जाईलही. पण त्याच्यामागून जाणाऱ्या जोडीदाराच्या पासपोर्टवर त्या दिवशी चालू शेंगेन व्हिसा आहे का, त्यात प्रवेश शिल्लक आहेत का, दिवस शिल्लक आहेत का, हे प्रश्न कागदावर उभे राहतातच. आपल्याकडे रात्री दोन वाजता छातीत दुखले तर वहिनी शेजाऱ्यांना उठवतील, भाचा गाडी काढेल आणि अर्ध्या तासात आपण मुंबई नाक्याच्या एखाद्या रुग्णालयात असाल. ही सोय आपण मालमत्तेच्या यादीत लिहिलेली नाही. ती लिहावी, आणि वरच्या ओळीत लिहावी.

विम्याचेही तसेच. नोकरी न करता राहणाऱ्या परदेशी माणसाने आजारपण, अपंगत्व आणि वार्धक्य यांचा विमा दाखवावा अशी तिथली अपेक्षा असते. वहिनींच्या गुडघ्यांचे आणि आपल्या मधुमेहाचे आधीपासूनचे निदान असताना असा विमा मिळणे, मिळाला तर त्यातून हेच दोन विकार वगळलेले नसणे, आणि वयाच्या ७५ व्या वर्षी त्याचा हप्ता आवाक्यात राहणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. घर पाहण्याआधी विमा कंपनीकडून लेखी दरपत्रक घ्यावे. आपल्या भारतातल्या आरोग्यविम्याचे बहुतेक लाभ भारतातल्या उपचारांनाच लागू असतात, आणि तो विमा परदेशी गेल्यावर बंद करू नये, हेही इथेच नोंदवते. परत यायची वेळ आली तर त्या वयात नवा विमा मिळणे कठीण असते.

आता पैशांचा हिशेब. सोयीसाठी एक युरो म्हणजे १०० रुपये धरू. आंदोरात काम न करता राहण्याच्या परवान्याची मांडणी २०१२ च्या कायद्याने केली. त्या वेळी देशात किमान ४ लाख युरोंची गुंतवणूक अपेक्षित होती; २०२३ मध्ये ती ६ लाख युरोंवर नेली गेली, आणि त्यानंतरही अटी कडकच होत आल्या आहेत. म्हणून ६ लाख युरो, म्हणजे ६ कोटी रुपये, हा आकडा आपण तळाचा समजावा. या गुंतवणुकीखेरीज वित्तीय प्राधिकरणाकडे मुख्य अर्जदारासाठी सुमारे ५० हजार युरो आणि जोडीदारासाठी सुमारे १० हजार युरो भरावे लागतात. तिसरी अट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मुख्य अर्जदाराची वार्षिक आर्थिक साधने तिथल्या किमान वेतनाच्या ३०० टक्के असावी लागतात आणि प्रत्येक अवलंबितासाठी आणखी १०० टक्के. २०२५ मध्ये किमान वेतन महिन्याला सुमारे १,४४७ युरो होते. त्याची चौपट म्हणजे ५,७८८ युरो, अर्थात महिन्याला जवळपास ५ लाख ७९ हजार रुपये. आपले निवृत्तिवेतन ७० हजार आहे. फरक मुद्दलातून दाखवता येईल असे कोणी सांगेल, पण मग ते मुद्दल किती पुरते तेही पाहावे.

जमिनीचे ८ कोटी पूर्ण आपल्या हाती येणार नाहीत. मखमलाबाद महापालिका हद्दीत असल्यामुळे ग्रामीण शेतजमिनीला मिळणारी भांडवली नफ्याच्या करातली सूट या जमिनीला लागू होणार नाही. जमीन वडिलोपार्जित असल्यामुळे १ एप्रिल २००१ च्या बाजारभावाचे मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककाकडून करून घ्यावे लागेल. त्यावर साडेबारा टक्क्यांनी महागाई निर्देशांकाविना कर, किंवा २३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेल्या जमिनीसाठी २० टक्क्यांनी निर्देशांकासह कर, यांपैकी जे लाभाचे ते निवडता येते. ही निवड फक्त निवासी व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला आहे. आपण अनिवासी झाल्यावर विक्री केली तर ती मिळत नाही, शिवाय खरेदीदाराला आपल्या रकमेतून अनिवासींच्या दराने करकपात करावी लागते आणि सगळा व्यवहार अडखळतो. म्हणून विकायचीच असेल तर निघण्याआधी. अधिभार आणि उपकर धरून कर एक कोटीच्या आसपास जाईल असे मी धरते. परदेशातले घर घेतले म्हणून त्यात सवलत मिळणार नाही, कारण घरात पुनर्गुंतवणूक केल्याची सूट भारतातल्या घरापुरतीच आहे. बहिणींचे हक्कसोडपत्र नोंदवलेले आहे का, तेही आधी तपासावे. वडिलोपार्जित जमिनीत खरेदीदाराचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो.

उरलेल्या ७ कोटींतून गुंतवणूक म्हणून घ्यायच्या घरासाठी ६ कोटी आणि प्राधिकरणासाठी ६० लाख गेले की ४० लाख राहतात. त्यात साडेतीन कोटी मिळवले तर ३ कोटी ९० लाख. वर्षाला ६९ लाखांच्या दराने खर्च दाखवायचा झाला तर ही रक्कम साडेपाच वर्षांत संपते. आपण साधे राहाल, तेवढा खर्च करणार नाही, हे मला मान्य आहे. पण नूतनीकरणाच्या वेळी साधने दाखवावीच लागतात, आणि मधल्या काळात रुपया कुठे असेल याचा विचार करावा लागतो. २०१५ मध्ये युरो सत्तरीच्या आसपास होता. दहा वर्षांत तो शंभराकडे आला. मिळकत रुपयांत आणि खर्च युरोंत असलेल्या माणसाला या घसरणीपासून कोणतेही छत्र नसते.

पैसे पाठवण्याची पद्धतही समजून घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (उदारीकृत प्रेषण) योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर परदेशी पाठवता येतात. आपण दोघे मिळून ५ लाख डॉलर. ही रक्कम ६ लाख युरोंपेक्षा कमी आहे, म्हणून एका आर्थिक वर्षात घराचे पैसे पूर्ण जाणार नाहीत. मार्चअखेर एक हप्ता आणि एप्रिलच्या सुरुवातीला दुसरा असा मेळ बसवता येतो, पण त्यासाठी तिथला विक्रेता थांबायला तयार हवा, घर दोघांच्या नावावर हवे, आणि वहिनींच्या खात्यात खरोखर त्यांचा पैसा हवा. वर्षभरात प्रत्येकी १० लाखांच्या पुढच्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ गोळा करते. प्रत्येकी दोन कोटी पाठवले तर प्रत्येकी ३८ लाख रुपये बाजूला अडकतात. विवरणपत्रात ते वळते करून मिळतात, परंतु परतावा हाती येईपर्यंत तेवढी रोकड जवळ असावी लागते. ज्यांनी ही तरतूद केली नाही त्यांना ऐन वेळी ठेवी मोडाव्या लागल्याचे मी पाहिले आहे.

करांबद्दल आपल्या मनात एक गैरसमज दिसतो, तो दूर करते. आंदोरात २०१५ पासून वैयक्तिक प्राप्तिकर आहे: पहिल्या २४ हजार युरोंवर काही नाही, ४० हजारांपर्यंत ५ टक्के, त्यापुढे १० टक्के. वारसा कर नाही, संपत्ती कर नाही. पण निवास परवाना आणि करनिवास या वेगळ्या गोष्टी आहेत. परवान्यासाठी वर्षात ९० दिवस पुरतात. करनिवासासाठी साधारण १८३ दिवस लागतात. आपण ९० दिवस तिथे आणि बाकीचा काळ नाशिकला राहिलात तर आपण भारताचेच करनिवासी राहाल, जगभरच्या उत्पन्नावर इथे कर द्याल, आणि आंदोरातले घर व बँकखाते दरवर्षी विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवाल. ते राहून गेले तर काळ्या पैशाविरुद्धच्या २०१५ च्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. याउलट तिथे कायम राहिलात तरी आपले निवृत्तिवेतन आणि इथल्या ठेवींचे व्याज भारतातच उगम पावते, म्हणून ते भारतात करपात्र राहतेच; अनिवासी सामान्य (एनआरओ) खात्यातल्या ठेवींच्या व्याजावर तर ३० टक्क्यांनी करकपात होते. भारत आणि आंदोरा यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार नाही. एकंदरीत आपल्यासारख्या निवृत्तिवेतनधारकाला १० टक्क्यांच्या त्या दराचा जवळजवळ काहीही लाभ नाही. तो दर व्यापारातून मोठे उत्पन्न तिथेच मिळवणाऱ्या माणसासाठी आहे.

बँकांबद्दल एक घटना सांगणे आवश्यक वाटते. मार्च २०१५ मध्ये अमेरिकेच्या वित्त खात्याच्या यंत्रणेने बांका प्रिवादा द'आंदोरा या बँकेवर पैशांच्या गैरव्यवहाराबाबत ठपका ठेवला. काही दिवसांत सरकारने बँक ताब्यात घेतली आणि ठेवीदारांना आठवड्याला २,५०० युरोंपेक्षा जास्त काढता येईना. त्यात काहीही वावगे न केलेले निवृत्त लोकही होते. मोठ्या देशात एक मध्यम बँक अडचणीत आली तर मध्यवर्ती बँक आधाराला उभी राहते. आंदोरा युरो वापरतो, पण युरो छापणारी यंत्रणा त्याच्या हाती नाही, आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा सदस्यही तो २०२० मध्येच झाला. त्यानंतर व्यवस्थेत बरीच सुधारणा झाली आहे, १ लाख युरोंपर्यंतच्या ठेवींना हमीही आहे. तरीही ज्या देशात मोजक्याच बँका आहेत तिथे सगळी शिल्लक ठेवू नये, हे माझे ठाम मत आहे.

नियम बदलण्याचा वेगही लहान देशात जास्त असतो. आंदोराच्या संसदेत २८ सदस्य आहेत. घरांच्या किमती आणि भाडी स्थानिकांच्या आवाक्याबाहेर गेली तेव्हा त्या संसदेने अल्प काळात परदेशी लोकांच्या घरखरेदीला आवर घातला, २०२४ मध्ये तिच्यावर वेगळा कर बसवला, आणि परवाना टिकवण्यासाठी कातालान भाषेच्या प्राथमिक ज्ञानाची अपेक्षाही कायद्यात आली. यात मला काही गैर दिसत नाही. देशातल्या निम्म्याहून अधिक रहिवाशांकडे तिथले नागरिकत्व नसताना आपली भाषा आणि घरे जपण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. कातालान ही एकमेव राजभाषा असलेला तो जगातला एकटाच देश आहे. पण ८० व्या वर्षी बदललेल्या अटी पूर्ण करण्याचे ओझे परदेशी माणसावर पडते, एवढे लक्षात ठेवावे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, पोलिसांचा चारित्र्य दाखला, निवृत्तिवेतनाचा आदेश यांवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारी सरकारी मोहोर, लागेल आणि तिकडच्या मान्य भाषेत अधिकृत भाषांतर. आपल्या पिढीतल्या कितीतरी जोडप्यांनी विवाह नोंदवलेलाच नसतो, आणि पत्नीचे नाव पासपोर्टवर एक, आधारवर दुसरे, निवृत्तिवेतनाच्या आदेशावर तिसरे असते. हे काम आंदोराला जा अथवा न जा, या वर्षी पूर्ण करून घ्यावे. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी वहिनींना त्याचाच उपयोग होईल. परदेशात केलेले कुलमुखत्यारपत्र महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावे लागते, हेही मुलाला सांगून ठेवावे.

वहिनींबद्दल एक प्रश्न आपल्या पत्रात नाही, तो मी विचारते. आपल्यापैकी एकजण आधी गेला तर दुसऱ्याने त्या डोंगरात काय करायचे? अवलंबिताचा परवाना मुख्य अर्जदारावर टेकलेला असतो. माझ्या एका अशील दांपत्याने दुसऱ्या एका लहान देशात असेच घर घेतले होते. काका अचानक गेले. तिथल्या बँकेने त्यांच्या एकट्याच्या नावावरचे खाते गोठवले, परवान्याचा प्रश्न उभा राहिला, आणि काकूंना भाषा येत नसल्यामुळे प्रत्येक कार्यालयात दुभाषा न्यावा लागला. नाशिकमधले मृत्युपत्र तिकडे लागू करून घ्यायला चौदा महिने गेले. त्या काळात त्यांच्याजवळ बसायला शेजारी कोणीही मराठी बोलणारे नव्हते. रामकुंडावर अस्थी आणताना वाणिज्य दूतावासाचे ना-हरकत पत्र आणि मोहरबंद कलश लागतो, हे त्यांना ऐन दुःखात दूरध्वनीवरून सांगावे लागले, ते मी अजून विसरलेली नाही. आंदोरात भारताचा दूतावास नाही. तिथले काम माद्रिदचा दूतावास पाहतो आणि बार्सिलोनात आता वाणिज्य दूतावास आहे. हयातीच्या दाखल्यापासून पासपोर्टच्या नूतनीकरणापर्यंत आपल्याला सीमा ओलांडावी लागू शकते, आणि पुन्हा तोच व्हिसा.

लहान देशच नको असे माझे म्हणणे नाही. मॉरिशस पाहा. क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, पण मुंबईहून थेट विमान, सर्वत्र चालणारी इंग्रजी, भारताशी करविषयक करार, पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी मासिक रकमेवर आधारलेला निवृत्ती परवाना, आणि पिढ्यान्पिढ्या तिथे रुजलेला मराठी समाज. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. तिथे वादळे आहेत, गुंतागुंतीच्या उपचारांसाठी भारतात यावे लागते, पण आपल्यासाठी ते येणे घरी येणेच असते. शेजाऱ्याचे दार म्हणजे आपलेच दार. माझ्या कसोटीवर मॉरिशस आंदोरापेक्षा फार मोठे ठरते. मात्र मुलगा तिथे नाही, आणि आपल्या प्रश्नाचा गाभा मुलगा हाच आहे, हे मी जाणते.

मुलाजवळ राहणे हा हेतू असेल तर सरळ स्पेनचा विचार करावा. उत्पन्नासाठी काम न करता राहण्याचा स्पेनचा परवाना आहे. त्यासाठी अलीकडच्या वर्षांत मुख्य अर्जदाराला वर्षाला २८,८०० युरो आणि जोडीदाराला ७,२०० युरो दाखवावे लागत आले आहेत. घर विकत घेण्याची सक्ती नाही, भारताशी करविषयक करार आहे, आणि रुग्णालय व मुलगा एकाच शहरात. वर्षातले १८३ दिवस ओलांडले की तिथले कर लागू होतात आणि ते हलके नाहीत, त्यामुळे त्याचाही वेगळा हिशेब करावा लागेल. पण आपली ऐपत त्या हिशेबात बसण्याजोगी तरी आहे.

त्याहून साधा मार्ग आपण आजच वापरू शकता. अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा घ्यावा, एप्रिलची खरड छाटणी आटोपल्यावर मे ते जुलै बार्सिलोनाला राहावे, आणि त्यातले तीन-चार आठवडे आंदोरात भाड्याच्या घरात काढावेत. आंदोरातले दिवस शेंगेनच्या ९० दिवसांत मोजले जात नाहीत, मात्र स्पेनच्या नाक्यावर बाहेर पडल्याची नोंद मागून करून घ्यावी आणि भाड्याच्या पावत्या जपाव्यात, कारण त्या सीमेवर नोंद आपोआप होईलच असे नाही. परतीच्या प्रवासापुरते दिवस व्हिसात शिल्लक ठेवावेत. ऑक्टोबर छाटणीच्या आधी नाशिकला यावे. जमीन राहते, सातबारा राहतो. अनिवासी झालात तर नवी शेतजमीन घेता येत नाही, आणि सगळी विकून परत आल्यावर शेतकरी असल्याचा दाखला दाखवणेही कठीण होते, म्हणून हा मुद्दा मी हलका मानत नाही.

एवढे वाचूनही आंदोराची ओढ कायम राहिली तर एक हिवाळा तिथे काढून पाहावा. आपण पाहिला तो जून होता. राजधानी समुद्रसपाटीपासून १,०२३ मीटरवर आहे, म्हणजे नाशिकपेक्षा सुमारे चारशे मीटर उंच, आणि देशातली बहुतेक गावे त्याहूनही वर, उतारावर वसलेली. डिसेंबरमध्ये सहा आठवड्यांसाठी घर भाड्याने घ्यावे आणि वहिनींच्या गुडघ्यांना त्या बर्फाळ चढावरून भाजी आणणे जमते का पाहावे. मेरिचेल रुग्णालयात मधुमेहाची नेहमीची तपासणी पैसे भरून करून घ्यावी, कोणत्या भाषेत बोलावे लागले ते टिपून ठेवावे, आणि एकदा मुद्दाम सकाळी निघून बार्सिलोनाच्या रुग्णालयापर्यंत किती वेळ लागतो ते मोजावे. द्राक्षांची काढणी सुरू होण्याआधी परत या, आणि ते टिपण घेऊन वहिनींसह माझ्याकडे या. त्यांचे मत मला त्यांच्याकडूनच ऐकायचे आहे. मखमलाबादच्या जमिनीचा विसार तोवर कोणाकडूनही स्वीकारू नये.